पबमधलं गाणं आणि गावातली आडवी बाटली

‘अर्ली डोअर्स’ नावाची बीबीसीची विनोदी मालिका २००३ आणि २००४ मध्ये दाखवली गेली. दोन हंगाम, मिळून बारा भाग. क्रेग कॅश आणि फिल मीली या जोडीने ती लिहिली आणि त्यात कामंही केली. उत्तर इंग्लंडमधला ‘द ग्रेप्स’ नावाचा एक साधा पब, काउंटरमागे त्याचा मालक केन, वरच्या मजल्यावर त्याची आई, आणि रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येऊन बसणारी गिऱ्हाइकं. म्हातारा टॉमी आपल्या कोपऱ्यात एकटा बसलेला असतो. जो आणि डफी हे दोस्त ग्लास उंचावून त्यांचं नेहमीचं वाक्य म्हणतात. गावचे दोन पोलीस पुढच्या दाराने येतच नाहीत. मागच्या स्वयंपाकघरात बसून फुकटची पितात आणि केन त्यांना काही बोलत नाही. कथानक म्हणावं असं फारसं घडत नाही. माणसं बसतात, बोलतात, उठून घरी जातात.

२०१८ मध्ये हीच मालिका सॅलफर्डच्या लाउरी थिएटरात नाटक म्हणून आली, तेव्हा आपल्याच गल्लीतल्या माणसांना भेटायला जावं तसे लोक गेले. तिच्या थोडं आधीची, २००१-०२ची ‘फीनिक्स नाइट्स’ ही पीटर के याची मालिका बोल्टनमधल्या एका कामगार क्लबची, म्हणजे कामगारांनी जमून प्यायच्या-गायच्या जागेची. तिथे गाणं मध्यभागी आहे: क्लबचा स्वतःचा दोन माणसांचा बँड, हौशी गायकांच्या चाचण्या, आणि क्लब चालू राहावा म्हणून जिवाचं रान करणारा, व्हीलचेअरवरचा ब्रायन पॉटर.

मी शेफिल्डमध्ये राहते, मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली. हे दोन्ही पत्ते एकत्र सांगायचं कारण असं की दारूवर बोलताना मी या दोन्ही ठिकाणी उभी राहून बोलते. चंद्रपूर म्हणजे २०१५ ते २०२१ दारूबंदी असलेला जिल्हा. चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेलेल्या बायकांच्या मोर्चाने ती मागणी लावून धरली होती. आणि शेफिल्ड म्हणजे जिथे पब बंद पडला की शेजारपाजारचे लोक सह्यांची मोहीम सुरू करतात. घरून फोन आला की तिकडचं कळतं: कुठल्या गावात बायकांनी दुकान बंद पाडलं, पुण्यात कुठल्या पबला टाळं लागलं. इकडे खिडकीबाहेर पाहिलं तर दुसरीच हळहळ. आमची मौशी एकदा म्हणाली, “अवं, तिथं बाया बी बसतात म्हणे दुकानात? अन् गाणे बी म्हणतात?” तिच्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी उत्सुकता होती. तिला फोनवर जे धड सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

आधी ही हळहळ कशाची आहे ते पाहू. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांहून जास्त पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ला बंद जागेत धूम्रपानाला मनाई झाली. लोक सगळा दोष तिला देतात, पण तेवढं एकच कारण नाही. १९८९च्या सरकारी आदेशाने मोठ्या बिअर कंपन्यांना हजारो पब हातचे सोडावे लागले आणि ते भाड्यावर डोळा असलेल्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले. जागांचे भाव वाढले. सुपरमार्केटात बिअर स्वस्त झाली. वर सांगितलेल्या दोन्ही मालिका या सगळ्याच्या उंबरठ्यावर चित्रित झाल्या. म्हणून त्या आज पाहणाऱ्याला विनोदाइतक्याच जुन्या फोटोसारख्या वाटतात.

पण आठवणीतला पब कायम एक पिढी मागेच असतो. १९८२च्या नाताळला चॅस आणि डेव्ह या लंडनच्या जोडीचा खास कार्यक्रम टीव्हीवर झाला. स्टुडिओतच पब उभारलेला, पियानोभोवती गर्दी, सगळे एकत्र गातायत. म्हणजे पियानोवाला पब १९८२ सालीच स्टुडिओत उभारावा लागत होता. त्याहून मागे जा. लेखक जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या लंडनच्या वर्तमानपत्रात आपल्या मनातल्या आदर्श पबचं वर्णन लिहिलं. तो पब प्रत्यक्षात नव्हताच. आणि त्या आदर्श पबमध्ये ना रेडिओ होता ना पियानो. ऑर्वेलला तिथे निवांत बोलता यायला हवं होतं. ज्या गाण्यासाठी आजचे लोक हळहळतात, ते गाणं ऑर्वेलला नकोच होतं. तेव्हा ‘पूर्वीचा पब’ असं कुणी म्हणालं की कुठला, कुणाचा, हे विचारल्याशिवाय मी मान डोलावत नाही.

तरीही एक गोष्ट मी स्वतः ऐकलेली आहे आणि तिच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शेफिल्डच्या वायव्येला डोंगराळ भागात डंगवर्थ, स्टॅनिंग्टन, वॉरल अशी छोटी गावं आहेत. नोव्हेंबरच्या ११ तारखेच्या आसपासच्या रविवारपासून ते २६ डिसेंबरपर्यंत तिथल्या काही पबमध्ये लोक ख्रिस्तजन्माची गाणी गातात. डंगवर्थच्या ‘रॉयल हॉटेल’मध्ये रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. स्टेज नाही, माइक नाही. कोपऱ्यात एक ऑर्गन, वाजवणाऱ्याची पाठ आपल्याकडे. कोट काढायलाही हात हलत नाही इतकी गर्दी, खिडक्यांवर वाफ जमलेली. मग तो पहिले सूर धरतो आणि अख्खी खोली एकदम गाते. पुरुष एक ओळ उचलतात, बायका तीच ओळ वरच्या पट्टीत मागून घेतात, आणि दोन्ही ओळी एकमेकींवर चढत जातात. टाळकऱ्यांच्या दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहून अभंगाचं चरण एकमेकांकडून उचलतात, तसंच ते ऐकू येतं. ज्यांना कागद लागतो ते नवखे. शेजारची सत्तरीची बाई डोळे मिटून गात होती. मध्ये थांबून तिने मला पानावर बोट ठेवून ओळ दाखवली आणि म्हणाली, “मोठ्याने म्हण, चुकलीस तरी कुणाला ऐकू जाणार नाही.”

ही गाणी पबमध्ये आली कशी, याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. पूर्वी ती गावच्या चर्चमध्ये गायली जात. गावकऱ्यांचा स्वतःचा वाद्यवृंद असे, चाली त्यांच्या असत, जोरकस आणि एकमेकींत गुंतलेल्या. १९व्या शतकात चर्चच्या धुरीणांना ते गावठी वाटू लागलं. त्यांनी ऑर्गन आणला, शिस्तीतली भजनं आणली, आणि गावकऱ्यांच्या गाण्याला बाहेरचा रस्ता दाखवला. लोकांनी ती गाणी सोडली नाहीत. ती घेऊन ते पबमध्ये गेले. रात्री मेंढरं राखणाऱ्या धनगरांना देवदूत दिसला, या एकाच गीताच्या डझनभराहून अधिक चाली या भागात गायल्या जातात. देवाचं गाणं देवळाने टाकलं आणि दारूच्या खोलीने सांभाळलं. आमच्या मौशीला हे पटणार नाही, पण खरं आहे.

त्या खोलीत ग्लास प्रत्येकाच्या हातात होता असंही नाही. कुणी चहा घेत होतं, कुणी मुलाला मांडीवर घेऊन लिंबाचं सरबत. दारू विकून त्या मालकाचं भाडं निघतं म्हणून ती खोली उघडी आहे, हे मी मान्य करते. पण लोक ज्यासाठी येतात ती गोष्ट बाटलीत भरून मिळत नाही.

आता संगीत आणि कायदा. इथे वर्षानुवर्षं असा नियम होता की पबमध्ये एक किंवा दोन वादक गायक असतील तर वेगळा परवाना लागत नसे. २००३च्या परवाना कायद्याने ही सवलत गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये तो लागू झाल्यावर गिटार घेऊन बसणाऱ्या एका माणसासाठीही कागदपत्रं करावी लागली, आणि कित्येक छोट्या पबांनी गाणंच बंद केलं. टीव्हीवरच्या सामन्यांना मात्र तशी परवानगी लागत नव्हती. वादकांनी बरीच वर्षं भांडून २०१२चा थेट संगीत कायदा मिळवला. सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात, दोनशेपर्यंत श्रोते असतील तर वेगळ्या परवान्याची गरज नाही. २०१५ मध्ये ही मर्यादा पाचशेवर गेली. तेवढ्यात दुसरं संकट आलं: जुन्या पबला खेटून नवे फ्लॅट बांधायचे आणि मग आवाजाची तक्रार करायची. २०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन धोरणात तत्त्व आलं की जो नंतर आला, त्याने आवाज रोखायची सोय आपल्या खर्चाने करावी.

हे तत्त्व मी पुण्याला लावून पाहते. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाने भरधाव चालवलेल्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी तो पबमध्ये दारू प्यायला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर पुण्यात पबांवर कारवाई झाली, कित्येकांना टाळं लागलं, आणि वाद पेटला. एक बाजू म्हणाली, पब संस्कृतीच हद्दपार करा. दुसरी म्हणाली, प्रौढ माणसाने काय प्यावं ते सरकारने ठरवू नये. मला दोन्ही बाजूंनी मूळ गोष्ट सोडलेली दिसली. कल्याणीनगर, कोरेगाव पार्क इथल्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत माणसं आधीपासून राहत होती. गच्चीवरचे पब नंतर आले. ब्रिटनमध्ये पबवाल्यांच्या बाजूने असलेलं तेच तत्त्व पुण्यात रहिवाशांच्या बाजूने उभं राहतं. रात्री झोपू द्या म्हणणारे आजोबा जुन्या विचारांचे ठरत नाहीत, ते आधी आलेले आहेत.

वयाचंही तसंच. ब्रिटनमध्ये दारू घ्यायचं कायदेशीर वय १८ आहे. पण बहुतेक पबांत आणि दुकानांत पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात. काउंटरवर तसं लिहिलेलंच असतं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, जगात फार थोड्या ठिकाणी असेल इतकी कडक. वर प्यायला वैयक्तिक परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. इतक्या कडक कायद्याखाली मी माझ्या पाहण्यात कुणाला वय विचारलेलं पाहिलं नाही. कायदा १९४९चा, मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आणणारा. बंदी पुढे शिथिल झाली, कायदा तसाच राहिला, आणि त्याच्या पोटात परमिट रूम जन्माला आली.

परमिट रूमबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण आमच्या शाळेच्या वाटेवर एक होती. दर्शनी भिंतीवर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं. काचा आतून हिरव्या रंगवलेल्या. दाराला जाड पडदा, तो हलला की आतला थंड, आंबूस वास बाहेर येई. आतलं काही दिसत नसे, आणि तीच त्या जागेची रचना होती. आत गेलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा, क्वार्टर संपवायचा, चकण्याचे चार दाणे तोंडात टाकून निघायचा. आम्ही मुली तिथे आलो की रस्ता ओलांडून पलीकडून चालायचो. देशी दारूच्या दुकानात तर बसायचीही सोय नव्हती. उभ्याउभ्या घशात ओतायची. अशा जागेत कुणी गाणं म्हणत नाही, कुणी कुणाला ‘आता पुरे, घरी जा’ म्हणत नाही. ब्रिटनमध्ये झिंगलेल्या माणसाला आणखी दारू देणं हा विक्रेत्याचा गुन्हा आहे. तो कायदा नेहमी पाळला जातो असं मी म्हणणार नाही, पण काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहतो, त्याला नावाने ओळखतो, आणि मालिकेतल्या केनचं काम तेच आहे.

आपल्या साहित्यातही पिणाऱ्यांची अशी खोली एकदा रंगली. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आहे. त्या प्रवेशांना प्रेक्षक शंभर वर्षं हसतायत. पण गडकऱ्यांनी त्या हशाच्या शेजारी दारूत बुडालेल्या सुधाकराच्या बायकोला, सिंधूला उभं केलं, आणि नाटक संपतं तेव्हा मंडळ कुणाच्या लक्षात राहत नाही, सिंधू राहते. ब्रिटिश पब-मालिकेने हे कधी केलं नाही. तिने खोली दाखवली, घरी वाट पाहणारी दाखवली नाही. माझ्या मते ती त्या विनोदाची मोठी उणीव आहे, आणि जुन्या पबसाठी गळा काढणाऱ्यांचीही.

कारण त्या खोलीत कोण नव्हतं, याचीही यादी आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल विनो’ या प्रसिद्ध वाइन बारमध्ये बायकांना काउंटरशी उभं राहून पेय घेता येत नसे. मागच्या खोलीत बसायचं. दोन स्त्रिया कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. कामगार क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने स्त्रियांना बरोबरीचं सदस्यत्व दिलं ते २००७ मध्ये. ‘फीनिक्स नाइट्स’ संपून पाच वर्षं झाली होती.

आणि रंग. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमध्ये १९६०च्या दशकात कित्येक पबांत आपल्या लोकांना आत घेत नसत, किंवा वेगळ्या खोलीत बसवत. ओतशाळेत दिवसभर राबणाऱ्या पंजाबी कामगाराला त्याच गल्लीतल्या पबमध्ये ग्लास मिळत नसे. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी पबमध्ये जाऊन, नकार घेऊन, तो नकार नोंदवून लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स तिथे आले. संघटनेचे अवतारसिंग जोहल त्यांना ‘ब्लू गेट्स’ पबमध्ये घेऊन गेले आणि तिथे त्यांना पेय द्यायला नकार मिळाला. माल्कम एक्स मद्य घेत नसत. प्रश्न दारातून आत जाण्याचा होता. थोड्याच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा झाला आणि पबसारख्या सार्वजनिक जागी असा नकार देणं बेकायदा ठरलं. पुढे त्याच भागातले बंद पडू लागलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. आज तिथे तंदूरवरचं मिक्स्ड ग्रिल मिळतं, ढोल वाजतो, आणि जुनी गोरी गिऱ्हाइकंही त्याच टेबलांवर येऊन बसतात. या देशातले पब टिकवण्यात आपल्या उपखंडातल्या माणसांचा एवढा हात आहे, हे घरच्या वादात कुणी बोलत नाही आणि इथल्या हळहळीतही फार थोडे बोलतात.

आपल्या मराठी माणसांची वाट वेगळी गेली. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून ते आमच्या भागातल्या छोट्या मंडळांपर्यंत आपण हॉल भाड्याने घेतला, सतरंज्या अंथरल्या, गणपती बसवला आणि गायलो. डंगवर्थमध्ये जे मिळतं ते आम्हाला संकष्टीच्या भजनातही मिळतं. दारू लागतेच असं नाही, हे माझं मत याच अनुभवावर उभं आहे.

आता सर्वांत कठीण आकडे. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये थेट दारूमुळे झालेले मृत्यू साडेसात हजारांच्या घरात होते. २० मार्च २०२०ला करोनामुळे सगळे पब बंद झाले. त्या वर्षी ते मृत्यू कमी झाले नाहीत, ८,९७४ झाले. २०२१ मध्ये ९,६४१. २०२३ मध्ये १०,४७३. पबला टाळं होतं, सुपरमार्केट उघडं होतं, आणि आधीच जास्त पिणारी माणसं घरी एकटी बसून आणखी पीत होती. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी निम्म्याहून अधिक आता दुकानांतून घरी जाते. पब बंद करायच्या वेळी वाजवतात तशी घंटा तिथे कुणी वाजवत नाही, वेळ झाली म्हणत नाही. बायको आणि मुलं मात्र त्याच घरात असतात.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल असं कारण दिलं. विरोध झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय बारगळला. परदेशात राहणारे माझे कित्येक ओळखीचे तेव्हा म्हणाले, बघा, आपण किती मागासलेले. मी त्यांच्याशी सहमत नव्हते आणि नाही. भाजी, दूध आणि साबणाच्या शेजारी बाटली ठेवली की काय होतं, ते मी रोज पाहते. ब्रिटनकडून उचलायची ती ही गोष्ट नव्हे. स्कॉटलंडने तर स्वस्त दारूचं नुकसान मान्य करून २०१८ मध्ये मद्यार्काच्या प्रत्येक एककाला (म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला) पन्नास पेन्स ही किमान किंमत ठरवली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती पासष्ट पेन्सवर नेली.

मग चंद्रपूरसारखी बंदी? माझं मन त्या बायकांबरोबर आहे, आणि त्यांचा मोर्चा मी कधी विसरणार नाही. पण २०२१ मध्ये बंदी उठवताना सरकारने अवैध विक्रीचं कारण दिलं, आणि त्या काळात गावात बाटली पोहोचत होती हे घरच्या माणसांकडून मी ऐकलेलं आहे. अवैध दारू काय करते ते पाहायचं तर, जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. तीही गरिबांची वस्ती. सबंध जिल्ह्याला एकाच कागदाने कोरडं करण्यापेक्षा गावागावाने ठरवावं हे मला जास्त पटतं, आणि त्यासाठी आपल्याकडे एक उत्तम साधन आहे. गावातल्या बायकांनी सह्या देऊन मागणी केली की मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. वेल्समध्येही असंच होतं. १८८१च्या कायद्याने तिथे रविवारी पब बंद ठेवले. १९६१ पासून दर सात वर्षांनी प्रत्येक जिल्ह्यात मतदान होऊन रविवारचा निर्णय होई. एकेक जिल्हा उघडत गेला, शेवटचा ड्वायफोर १९९६ मध्ये. एवढा मोठा बदल एकाही डोक्यावर काठी न बसता झाला, कारण जे राहत होते त्यांनीच मत दिलं होतं. आपल्या बायकांच्या हातातलं साधन त्याहून जोरकस आहे. ते सोपं करा, तारखा पुढे ढकलू नका, सह्यांची पडताळणी महिनोन्‌महिने लांबवू नका.

शहरांसाठी इथला एक कागद मला हवा आहे. इंग्लंडमध्ये कुणाला दारूचा परवाना हवा असेल तर त्याने जागेच्या दर्शनी भागावर फिक्या निळ्या रंगाचा कागद लावायचा, सलग २८ दिवस. त्यावर लिहिलेलं असतं की इथे काय विकणार, किती वाजेपर्यंत, संगीत असेल का, आणि हरकत असेल तर कुणाकडे, कुठल्या तारखेपर्यंत कळवायची. मी राहते त्या गल्लीच्या टोकाला असा कागद लागला होता. शेजाऱ्यांनी पत्रं लिहिली, मीही लिहिलं, सुनावणी झाली, आणि बागेतलं संगीत रात्री नऊला थांबवण्याच्या अटीवर परवाना मिळाला. परवाना मिळाल्यावरही त्रास झाला तर फेरविचार मागता येतो.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत लागेल. चांगली सुरुवात आहे, पण ती सोसायटीच्या फाटकापाशी थांबते. समोरच्या चाळीला, पलीकडच्या शाळेला, वस्तीतल्या बायकांना कोण विचारणार? मला हवंय की प्रत्येक नव्या परमिट रूमच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरात तसा कागद लागावा. काचा पारदर्शक असाव्यात, इथल्या व्हिक्टोरियन पबांनीही त्या झाकल्या होत्या आणि आता बहुतेकांनी उघड्या केल्यात. बसायला खुर्ची, खायला जेवण आणि प्यायला फुकट पाणी असावं. इंग्लंडमध्ये मागितलं तर नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. वय विचारलं नाही तर परवाना जावा, गिऱ्हाइकाचा नव्हे, मालकाचा. आणि गावोगावची समाजमंदिरं, जी लग्नाशिवाय कुलपात असतात, ती संध्याकाळी सहा ते दहा उघडी ठेवायचा ठराव ग्रामसभेने करावा. पेटी, तबला आणि टाळ ठेवायला एक कपाट पुरे. मौशीच्या गावात ते आधी करता येईल. सरपंच बाई आहेत, आणि त्या दोघी एकाच भजनी मंडळात आहेत.